न बोलता घातलेली मागणी

प्रश्न : कापसाची वेचणी आटोपल्यावर नातवाने अंगणातल्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ हा मूकपट दाखवला. इंग्रजीचा गंधही नसलेली माझी आई सर्वांत जास्त हसली. या जुन्या प्रेमकथांत एवढे काय असते? आणि त्यातली माणसे अशी तुरुतुरु का चालतात?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : चालीचे कारण साधे आहे. त्या काळी कॅमेरा बहुधा हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे घेत. तीच फीत बोलपटाच्या २४ चित्रांच्या वेगाने चालवली की माणसे घाईला येतात.

पहिला प्रश्न अधिक गोड आहे. १९२४ च्या या चित्रपटाचा नायक चित्रपटगृहात यंत्र चालवणारा, खिशाने फाटका. तो एका डॉलरचा चॉकलेटचा डबा घेतो आणि मुलीला देण्याआधी त्यावरच्या एकाच्या आकड्याचा चार करतो. अंगठीतला खडा तर एवढासा, की तो दिसावा म्हणून सोबत भिंगही देतो. गरिबी, हौस आणि लाज या तिन्ही गोष्टी इथे वस्तूंतूनच कळतात, आणि कीटन दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्याही मोजक्याच ठेवत असल्याने वाचता न येणाऱ्याचे काही अडत नाही. आपल्या मातोश्रींच्या पिढीत साक्षगंध होईपर्यंत मुला-मुलीत चार शब्दही होत नसत. बशी धरलेल्या हाताचा कंप पाहून माणूस ओळखायची सवय असलेल्यांना मूकपट काय अवघड जाणार!

त्यातल्या पाठलागांचे कौतुक फार होते, पण मला शेवटच मोलाचा वाटतो. मुलगी यंत्राच्या खोलीत येते, पुढे काय करावे हे या भल्या माणसाला सुचत नाही, म्हणून तो पडद्यावरच्या नायकाकडे चोरून पाहतो आणि त्याने हात धरला की हात धरतो, अंगठी घातली की अंगठी घालतो. मग पडद्यावर एकदम त्या जोडप्याच्या मांडीवर जुळी बाळे दिसतात आणि आपला नायक डोके खाजवत राहतो. मातोश्री इथेच हसल्या असाव्यात.

पुढच्या वेळी चॅप्लिनचा १९३१ चा ‘सिटी लाइट्स’ लावा. बोलपट रुळल्यावरही त्याने हट्टाने संवादांविना केलेली ही अंध फूलवालीची गोष्ट आहे. शेवट सांगत नाही. मात्र तेव्हा अंगणात हसूच ऐकू येईल, असे नाही.