एअर फ्रायर राहू द्या, आधी विम्याचा फॉर्म काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : माझं वय ४१, पत्नी ३७, मुलं १२ आणि ७ वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १५ हजार, त्यात माझे ८० हजार. दोन महिन्यांपूर्वी तपासणीत माझं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९ निघालं, कोलेस्टेरॉलही वाढलेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि आम्ही बाहेरचं खाणं बंद केलं. हॉटेल आणि ऑनलाइन ऑर्डर मिळून महिन्याला १४ हजार जात होते. घरी कमी तेलात करता यावं म्हणून एअर फ्रायर, नॉनस्टिकचा सेट, वाफवायचं भांडं आणि घरी तेल काढायचं मशीन, असा ४६ हजारांचा खर्च नो-कॉस्ट ईएमआयवर करावा का? सध्या पाच लिटरचा कॅन महिनाभर जातो. वाचणाऱ्या पैशांतून आमचे एक परिचित गॅरंटीड पॉलिसी देत आहेत : महिना १२ हजार, १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ३७ लाख. फॉर्म त्यांनीच भरला, मी सह्या आणि चेक दिला, पॉलिसी यायची आहे. आमचा १० लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्य विमा) हाही दोन वर्षांपूर्वी त्यांनीच काढून दिला. तेव्हा मला बीपीची गोळी वर्षभर चालू होती, पण ‘ते लिहू नका, उगाच हप्ता वाढतो’ असं ते म्हणाले, म्हणून हप्ता कमीत बसला. ऑफिसचा ३ लाखांचा विमा वेगळा आहे. आता खाणं सुधारलंच आहे, तर फ्लोटर ५ लाखांवर आणला तर चालेल का?

उत्तर :

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. तिन्हींची उत्तरं देतो, पण नंतर. कारण पत्रात शेवटाकडे तुम्ही बीपीच्या गोळीबद्दल जे एक वाक्य सहज लिहून गेलात, त्यापुढे बाकी सगळं किरकोळ आहे. तुमच्याकडे आज १० लाखांचा आरोग्य विमा आहे असं तुम्ही धरून चाललात. तुमच्यापुरता तरी तो आहे असं मी धरणार नाही.

क्लेमच्या वेळी काय होतं ते सांगतो. रात्री छातीत दुखायला लागतं, तुम्हाला दवाखान्यात नेतात. कॅज्युअल्टीतला डॉक्टर केस पेपरवर हिस्ट्री लिहायला घेतो. पत्नीला विचारतो, बीपी आहे का, किती वर्षांपासून? ती बिचारी खरं तेच सांगणार : तीन वर्षं झाली, अमुक गोळी चालू आहे. तो लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी कॅशलेससाठी (बिल विमा कंपनीने थेट दवाखान्याला द्यावं म्हणून) कागद टीपीएकडे, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, जातात आणि तिथला माणूस दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. बीपी तीन वर्षांपासून, पॉलिसी दोन वर्षांची, आणि पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये ‘रक्तदाब’ या रकान्यापुढे ‘नाही’. कॅशलेस थांबतं, क्लेम फेटाळला जातो, आणि कंपनीला पॉलिसीच रद्द करता येते. फ्लोटर सगळ्यांचा मिळून असल्यामुळे पत्नी आणि मुलंही उघड्यावर येतात. ‘एजंटने लिहू नका म्हणून सांगितलं’ हे तेव्हा कुणी ऐकत नाही. फॉर्मवर सही तुमची आहे, आणि त्याच्या बोलण्याचा कागद नाही.

आणि कशासाठी, तर वर्षाला काही हजार रुपये हप्ता वाचावा म्हणून! वाढीव हप्ता ऐकून तुम्ही पॉलिसी घ्यायचं टाळाल, एवढीच परिचितांना भीती होती. त्यांचं कमिशन पॉलिसी निघाली त्या दिवशी पक्कं झालं. क्लेमच्या दिवशी दवाखान्याच्या काउंटरवर ते उभे नसतील.

आता नियम. सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनीला माहिती लपवल्याच्या मुद्द्यावर क्लेम अडवता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तर येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ मध्ये ती पाचावर आली. हे वाचून काही जण म्हणतील, मग तीन वर्षं गप्प बसा. हा सल्ला मी देणार नाही. एक तर फसवणुकीच्या मुद्द्यावर क्लेम अडवायची मुभा कंपनीला साठ महिन्यांनंतरही आहे. आणि दुसरं म्हणजे ज्याचं बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तिन्ही वर आहेत, त्याने पुढची तीन वर्षं दवाखान्याची पायरी चढायची नाही अशा भरवशावर घर चालवणं हा जुगार आहे.

मधुमेहाचं मात्र घाबरू नका. तो पॉलिसी घेतल्यानंतर निघाला, त्यामुळे तो ‘आधीपासूनचा आजार’ धरला जात नाही, आणि आजार निघाला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. म्हणूनच ही पॉलिसी जपायची आहे. आज नवी घ्यायला गेलात तर बीपी आणि साखर दोन्ही लिहावे लागतील, हप्ता चढेल, आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड (तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लागेल, एखादी कंपनी सरळ नाही म्हणेल. अशा वेळी फ्लोटर १० वरून ५ वर आणायचा विचार तुमच्या मनात आलाच कसा? दोन महिने भाजी वाफवून खाल्ली म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या धुऊन निघत नाहीत. रक्कम कमी करायला कंपनी एका पायावर तयार असते. ती परत वाढवायला गेलात की नव्याने तपासण्या, नव्याने प्रश्न. १० लाख आहेत ते १० लाखच राहू द्या.

करायचं काय, तर आधी पॉलिसीसोबत आलेली प्रपोजल फॉर्मची प्रत काढा आणि नेमकं काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. प्रत नसेल तर कंपनीकडून मागवा. परिचितांना मध्ये घेऊ नका. दुसरं, पत्नी आणि दोन्ही मुलांसाठी वेगळी पॉलिसी घ्या, सगळी माहिती खरी लिहून, सध्याच्या फ्लोटरचा उल्लेख करून. ते तिघं निरोगी असतील तर फारशी अडचण येऊ नये. वर्षाला अंदाजे पंधरा-वीस हजार पडतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे, तेवढा दिलासा. ती पॉलिसी हातात पडली की तिसरं काम : सध्याच्या फ्लोटरच्या विमा कंपनीला लेखी कळवा की बीपीचा उल्लेख राहून गेला होता, गोळी अमुक तारखेपासून चालू आहे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कंपनी हप्ता वाढवेल किंवा बीपीसाठी वेटिंग पिरियड लावेल. वाईटात वाईट म्हणजे पॉलिसी रद्द करेल, आणि तो धोका खरा आहे, म्हणूनच आधी घरच्यांची सोय करायला सांगितली. पण हे आज कळलेलं बरं की आयसीयूच्या बाहेर बसून कळलेलं बरं, तुम्हीच ठरवा.

ऑफिसचा ३ लाखांचा विमा सध्या तुमचा खरा आधार. सामूहिक विम्यात बहुतेक ठिकाणी जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. एचआरकडून तेवढी खात्री करून घ्या. मात्र नोकरी गेली की तो विमाही गेला.

आता ती गॅरंटीड पॉलिसी. १२ हजार दर महिना, १२ वर्षं, म्हणजे तुम्ही सव्वासतरा लाख भरणार आणि विसाव्या वर्षी ३७ लाख घेणार. ‘दुपटीहून जास्त’ असं तुम्हाला सांगितलं असेल. दराने मोजलं तर ते साडेपाच टक्क्यांच्याही जरा आतच पडतं. हेच १२ हजार पीपीएफमध्ये टाकले (वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, मर्यादा दीड लाखाची आहे), तर आजच्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी ४६ लाखांच्या आसपास होतात. दर बदलू शकतो, तरी नऊ लाखांचा फरक कुठे जातोय हे परिचितांना जरूर विचारा. बारा वर्षांनंतर खातं चालू ठेवायला पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत वर्षाला पाचशे रुपये भरले तरी चालतात, पुढे पाच वर्षांची मुदतवाढ घ्यायची. आणि पाचव्या वर्षी हप्ता झेपेनासा झाला तर? पीपीएफ तुम्हाला माफ करतो, ही पॉलिसी करत नाही. मध्येच सोडली की भरलेल्यातला मोठा वाटा कापून घेते.

त्यात जीवन विम्याचं कवच असतं वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे चौदा-पंधरा लाख. तुमचा एकट्याचा वर्षाचा पगार साडेनऊ लाखांच्या वर आहे. तुमच्यामागे घर दीड वर्ष चालेल. तुम्हाला गरज आहे एक कोटीच्या टर्म विम्याची (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा जीवन विमा), तीही आता साखर निघाल्यामुळे महाग पडणार. पडू दे, पण काढा, आणि फॉर्म स्वतः भरा.

या नव्या फॉर्मचंही तेच. तो परिचितांनी भरला आणि तुम्ही सह्या केल्या. त्यात मधुमेह लिहिलाय का? ज्या माणसाने बीपी गाळलं, त्याने साखर लिहिली असेल यावर माझा विश्वास नाही. जीवन विम्यात पहिल्या तीन वर्षांत कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकते, आणि तो तुमच्या पत्नीपुढे काढला जाईल. पॉलिसी अजून निघालेली नसेल तर आजच कंपनीला ईमेल करून प्रस्ताव मागे घ्या. निघाली असेल तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक काळ असतो. तेवढ्यात परत केली की किरकोळ कपात होऊन पैसे परत येतात. ‘थोडं थांबा, मी बघतो’ असं म्हणत एकतिसावा दिवस उजाडेपर्यंत गोड बोलणारे भरपूर भेटतात. तुम्ही थांबू नका.

राहिलं स्वयंपाकघर. १४ हजारांतले १२ हजार वाचतील हा हिशेब कुठून आला? बाहेर खात नव्हता तेव्हा घरचं फुकट येत होतं का? त्याच जेवणांसाठी भाजी, डाळी, दही, फळं, मासे यांना चार-साडेचार हजार जातील. दोघं नोकरी करता, तेव्हा संध्याकाळच्या स्वयंपाकाला मावशी लागतील. लागतीलच, कारण साडेसातला दमून घरी आल्यावर फोनवर ऑर्डर देण्याची सवय कशामुळे लागली होती ते तुम्हीच आठवून बघा. त्यांचे तीन हजार धरा. महिन्यातून एकदा बाहेर जाल त्याचे दीड हजार. हातात उरतात पाच हजार, आणि तेही सगळं नीट चाललं तर. दोन महिन्यांच्या सवयीवर बारा वर्षांचा हप्ता बांधायला निघाला होता तुम्ही.

४६ हजारांच्या सामानाने तेल कमी होत नाही. पाच लिटरचा कॅन, चार माणसं, तीस दिवस : माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर तेल तुमच्या घरच्या फोडणीत आणि तळणात जातंय, हॉटेलचं वेगळं. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलातून. डॉक्टर साधारण माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात, चौघांना दोन लिटर. महिन्याच्या एक तारखेला दोन लिटर वेगळ्या बरणीत काढा आणि कढईत बाटली उपडी करण्याऐवजी चमच्याने मोजून घाला. बरणी वीस तारखेला संपली की कुठे जातंय ते आपोआप दिसेल. घरी काढलेलं तेल ताजं असेल, चवीला छान असेल, पण त्यातही ग्रॅमला ९ कॅलरीच आहेत, आणि बावीस हजारांचं मशीन दिवाळीनंतर माळ्यावर जाणार हे मी आत्ताच सांगतो. सात वर्षांच्या मुलाला तुमच्या पथ्यावर बसवू नका, वाढीच्या वयात स्निग्ध पदार्थ लागतात. त्याच्यासाठी वेगळं विचारा. आणि तुमच्यासाठी तेल काढून त्या जागी भात आणि ‘लो-फॅट’ बिस्किटं आणलीत तर साखर तिथेच राहील. हे मात्र माझं क्षेत्र नाही, आहारतज्ज्ञाला एकदा भेटा. त्याची फी मशीनपेक्षा पुष्कळ कमी असेल.

नो-कॉस्ट ईएमआय नावापुरताच. रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो. तीन महिने साध्या कढईत आणि कुकरमध्ये करून बघा. तेव्हाही घरीच जेवत असाल आणि एअर फ्रायर हवासा वाटला, तर तेवढा एक रोखीने घ्या.

उरलेले महिन्याचे पाच हजार पहिली तीन वर्षं कुठेही गुंतवू नका. बँकेत वेगळी आवर्ती ठेव काढा, तिला ‘दवाखाना’ नाव द्या. वर्षाला साठ हजार, तीन वर्षांत व्याजासह दोन लाखांच्या जवळ. कंपनीने बीपीला वेटिंग पिरियड लावला तर त्या काळात ऑफिसचे ३ लाख आणि हे पैसे एवढंच तुमच्या हाताशी असणार आहे. पीपीएफ त्यानंतर सुरू करा. तोवर खातं उघडून वर्षाला पाचशे रुपये टाकत राहिलात तर पंधरा वर्षांचं घड्याळ आधीच चालू होईल.

कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठवा. पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालतो.