तोडफोडीचे आकडे आणि आपला एरिया : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गाड्यांच्या काचा फुटणं, सीट फाडणं आणि "कोणता एरिया सेफ हाय" यावर सध्या बरेच प्रश्न येतायत. त्यातले पाच आज घेतो.

सर, मुलाच्या नोकरीमुळं लातूरहून छत्रपती संभाजीनगरला राहायला जायचंय. एरियानुसार तोडफोडीचे आकडे कुठं बघायला मिळतील? – एक ताई, लातूर

ताई, कॉलनीवार आकडे सरकारी रिपोर्टमध्ये नसतात. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, दरवर्षी देशाचा गुन्हे अहवाल काढते, पण त्यातला शहरांचा वेगळा तक्ता 20 लाखांवर लोकसंख्या असलेल्या 19 शहरांचाच असतो, आपल्या राज्यातून मुंबई, पुणे, नागपूर. संभाजीनगर 2011 च्या जनगणनेत 11.75 लाखांचं, त्यामुळं ते त्या तक्त्यात नाही, जिल्हावार तक्त्यात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण असे दोन वेगळे आकडे तेवढे दिसतात. त्याच्या खालचं, म्हणजे पोलीस ठाण्यापुरतं पाहिजे असेल तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पण घर फायनल करायच्या आधी रात्री दहा-साडेदहाला त्या गल्लीतून एक चक्कर माराच. बाहेर लावलेल्या टू-व्हीलरच्या सीट बघा, ब्लेडनं कापून आतला फोम बाहेर आलाय का, चिकटपट्टी मारलीय का, चाकाला साखळी घालून गाडी ग्रिलला बांधलीय का. खांबावरचे दिवे बंद असतील तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा किती दिवसांपासून बंद हायेत. आणि "तो मोहल्ला डेंजर, तिकडं घेऊच नका" असं तिथं कधी पाय न ठेवलेला माणूस सांगत असेल तर मनावर घेऊ नका. नुसत्या नावावरून आणि कोण राहतं यावरून अख्ख्या वस्तीला बदनाम करायची आपल्याकडं वाईट सवय हाय, आणि त्याचा त्रास तिथल्या साध्या माणसांना होतो, पोरांना भाड्यानं खोली मिळत नाही.

दादा, आमच्या हिंगोलीत केसेस कमी असूनही दर नांदेडपेक्षा जास्त कसा काय निघतो? – हिंगोली

कारण दर म्हणजे दर एक लाख लोकांमागं किती गुन्हे नोंदले ते. हिंगोलीची लोकसंख्या 2011 ला 11.77 लाख, नांदेडची 33.61 लाख. आता समजा हिंगोलीत एका वर्षात 59 केसेस झाल्या आणि नांदेडमध्ये 101, तर हिंगोलीचा दर 5 निघतो आणि नांदेडचा 3. हे आकडे फक्त समजावण्यापुरते धरलेत. छोट्या जिल्ह्यात एकाच टोळक्यानं दोन-तीन रात्रीत धिंगाणा घातला तरी दर उडी मारतो, म्हणून एका वर्षावर जाऊ नका, चार-पाच वर्षं शेजारी ठेवून बघा. त्यात लोकसंख्या धरायची ती 2011 वरून पुढं अंदाजानं वाढवलेली. लातूरला क्लासेससाठी बाहेरून आलेली पोरं, नवरात्रात तुळजापूरला येणारी गर्दी, ही माणसं भागाकारात नीट येतच नाहीत, पण त्यांच्यासोबत घडलेला गुन्हा मात्र तिथंच नोंदला जातो.

काका, आमच्या गल्लीत एका रात्रीत सात-आठ गाड्या फोडल्या. ठाण्यात गेलो तर एनसी लिहून हातात कागद दिला. याचा काही उपयोग हाय का? – परभणी

हाय, पण कमी हाय, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात तोडफोडीला कलम 324 लागतं, कायद्याच्या भाषेत आगळीक. नुकसान 20 हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. एक लाखाच्या आतलं प्रकरण साधारण अदखलपात्र, म्हणजे एनसी, आणि एनसीत कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून कागद देऊन "कोर्टात जा" म्हणतात. एफआयआरच नाही तर गुन्ह्यांच्या आकड्यात तुमची गल्ली येणार कुठून? कागदावर एरिया शांत, आणि सकाळी उठून बघावं तर रस्त्यावर काचांचा खच.

म्हणून तक्रार देताना सगळं नीट सांगा. गॅरेजवाल्याकडून खर्चाचं एस्टिमेट घ्या, प्रत्येकानं आपलं वेगळं. गाडी पेटवली असेल तर ते दखलपात्र हाय, तिथं एनसी चालत नाही. पाच किंवा जास्त जणांनी मिळून धुडगूस घातला असेल तर दंग्याचं कलम लागू शकतं, तेही दखलपात्र, आणि एका प्रकरणात एक जरी दखलपात्र कलम बसलं की सगळंच प्रकरण दखलपात्र धरलं जातं. तरी एफआयआर घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. माझं स्पष्ट मत हाय की आठही जणांनी तक्रार द्यायलाच पाहिजे, "जाऊ द्या, काय होणार हाय" म्हणून सात जण घरी बसले की आठव्याचं कुणी ऐकत नाही. इन्शुरन्सवाल्यांनाही पोलिसांचा कागद लागतो, फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, फुल पॉलिसी पाहिजे.

मोर्च्यात एसटीच्या काचा फुटतात, ते कशात मोजतात? – बीड

त्याला 1984 चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा लागतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली की एनसीआरबी त्यातलं सगळ्यात गंभीर कलमच मोजते, म्हणजे दगडफेकीत कुणी गंभीर जखमी झालं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं की फुटलेल्या काचा आकड्यात दिसतच नाहीत. आणि ती बस दुरुस्तीला गेली की गावाकडची फेरी रद्द, कॉलेजच्या पोरी फाट्यावर ताटकळत बसतात.

आमच्या नगरात वर्गणी काढून सीसीटीव्ही बसवावेत का? – धाराशिव

बसवा, पण आधी दिवे आणि पडीक प्लॉट. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 541 पडीक जागांवर प्रयोग झाला, तो 2018 मध्ये छापून आला. काही जागा साफ करून गवत, झाडं लावली, काही तशाच ठेवल्या. साफ केलेल्या जागांजवळच्या लोकांनी तोडफोड जवळपास 39 टक्के कमी झाल्याचं सांगितलं, आणि घराबाहेर पडायची भीती तर त्याहून जास्त कमी झाली. आपल्याकडं तर दर नगरात एक तरी प्लॉट असतो जिथं येड्या बाभळी वाढल्यात, रात्री टोळकं बसतं आणि सकाळी बाटल्यांचा खच. मालक पुण्या-मुंबईला असतो, त्याला नगरपालिकेमार्फत नोटीस काढायला लावा, तोवर सगळ्यांनी मिळून जागा साफ करून घ्या. कॅमेरा घेतलाच तर रात्री नंबर प्लेट वाचता येईल असा घ्या आणि रेकॉर्डिंग किमान महिनाभर राहील एवढी मोठी हार्ड डिस्क टाका, कारण तपास अधिकारी फुटेज मागतो तोपर्यंत आठ-दहा दिवस सहज गेलेले असतात.