वाचकांचे प्रश्न : टाके मधोमध उकलले, आता काय?

प्रश्न : माझे वय ४३ आहे. दोन सिझेरियननंतर सुटलेले पोट कमी व्हावे म्हणून मी पाच आठवड्यांपूर्वी टमी टकची, म्हणजे पोटावरची सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. टाक्यांची रेघ दोन्ही कुशींकडे उत्तम जुळली आहे. परंतु बरोबर मध्यभागी काळसर खपली धरली, ती निघाली आणि तेथे दीड इंचाची जखम उघडी राहिली. तळाशी पिवळसर थर दिसतो व लस गळते. ताप नाही, फारसे दुखतही नाही. घरी मी हर्नियाचे ऑपरेशन असल्याचे सांगितले आहे. सासूबाई जखम सुकावी म्हणून हळद लावायला सांगतात आणि पू होईल म्हणून डाळ, भात, दही बंद केले आहे. सर्जन म्हणतात, ‘थांबा, भरेल.’ किती थांबायचे? पुन्हा टाके का घालत नाहीत?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जखम नेमकी मध्यभागी का उकलली, हे आधी समजून घ्यावे, कारण पुढचे बहुतेक पथ्य त्यातूनच निघते. बेंबीच्या आसपासच्या कातडीला एरवी पोटाच्या स्नायूंमधून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. या शस्त्रक्रियेत कातडी बरगड्यांपर्यंत सुटी करून खाली ओढावी लागते आणि त्या वेळी यांतील बऱ्याच वाहिन्या कापल्या जातात. त्यानंतर रक्त येते ते मुख्यतः दोन्ही कुशींकडून, आणि ते सर्वांत शेवटी पोहोचते ते खालच्या रेघेच्या मध्यावर. ओढही तेथेच सर्वाधिक असते. आपली काळी खपली म्हणजे रक्ताअभावी मेलेली कातडी होती. यात आपण काही वावगे केले असेलच असे नाही.

पुन्हा टाके न घालण्याचा आपल्या सर्जनचा निर्णय मला योग्य वाटतो. रक्त कमी असलेल्या, उघड्या राहिल्यामुळे जंतू शिरलेल्या कडा ओढून शिवल्या, तर त्या पुन्हा फाटतात किंवा आत पू कोंडतो. अशी जखम तळातून लाल, दाणेदार मांसाने भरत येते आणि मग कडेची कातडी तिच्यावर सरकते. दीड इंचाच्या जखमेला यासाठी कित्येक आठवडे, खोल असल्यास दोन-तीन महिनेही लागू शकतात. तळाचा पिवळसर थर बहुधा पू नसून मृत पेशी व फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन) यांचा असतो. तो घरी खरवडू नये, डॉक्टरांनी काढावा. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून, त्याच अंतरावरून एक छायाचित्र घ्यावे. रोज पाहिल्याने प्रगती दिसत नाही, चिंता मात्र वाढते. दोन-तीन आठवड्यांच्या छायाचित्रांत काहीच फरक नसेल, तर ‘थांबा’ हे उत्तर पुरेसे नाही. तेव्हा जखमेची नव्याने तपासणी मागावी. खोल जखमेसाठी हवेचा उणा दाब (बाहेर ओढणारा) वापरून स्राव शोषणारे व्हॅक ड्रेसिंगही उपलब्ध आहे.

जखम ‘सुकवण्या’ची कल्पना आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या कातडीवरील प्रयोगांत दाखवले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा लवकर येते. म्हणून हळद नको. स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते आणि तिचा थर जखमेत अडकून राहतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नव्या पेशींनाच जाळतात, तेव्हा तेही रोज वापरू नये. हात साबणाने धुवून, निर्जंतुक सलाइनने जखम हलकेच धुवावी आणि सर्जनने सांगितलेले ड्रेसिंग लावावे. आजूबाजूची कातडी सतत भिजून पांढरी पडत असेल, तर अधिक शोषणारे ड्रेसिंग हवे. पोटाचा पट्टा जखमेवर वळकटी पडू न देता घालावा. तो करकचून आवळल्यास आधीच कमी असलेले रक्त आणखी अडते.

डाळ-दही बंद करण्याचा सल्ला प्रेमापोटी आलेला असला, तरी तो आपल्याला महाग पडतो आहे. नवे मांस प्रथिनांशिवाय तयार होणार नाही. वजन ६० किलो असेल आणि मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर रोज ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅमच मिळतात, यावरून वरण, उसळ, दूध, पनीर, मासे यांची किती गरज आहे ते कळेल. हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांच्या सरासरीची साखर या दोन तपासण्या अवश्य कराव्यात. आणखी एक विचारतो, राग मानू नये : आपण मशेरी लावता का? आमच्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रिया ‘तंबाखू नाही’ असे खरेपणाने सांगतात, कारण मशेरीला त्या तंबाखू समजतच नाहीत. तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते आणि नेमक्या याच बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते.

हर्नियाची गोष्ट नातेवाइकांपुरती राहू द्या, तो आपला खाजगी प्रश्न आहे. परंतु ड्रेसिंग करणाऱ्या व्यक्तीला आणि घराजवळच्या डॉक्टरांना खरे सांगावे. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी किंवा अचानक वाढलेला स्राव दिसल्यास त्याच दिवशी सर्जनकडे जावे. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझी शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरली होती. दोन महिन्यांनी व्रणावर लहान गाठी आल्या, त्या फुटून पाणी येते. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले, पण गुण नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एखादीच गाठ असती, तर आतला न विरघळलेला टाका बाहेर येत आहे असे म्हटले असते, तो काढला की प्रश्न मिटतो. मात्र अनेक गाठी, उशिरा सुरुवात आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणे, हे एकत्र आले की क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या, पण क्षयरोग न करणाऱ्या जंतूंचा संशय घ्यावा लागतो. हे जंतू पाण्यात राहतात आणि नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांवाटे जखमेत शिरू शकतात. चौथा कोर्स सुरू करण्यापूर्वी पू किंवा गाठीचा तुकडा या जंतूंच्या, म्हणजे मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) पाठवायला सांगावे, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण साधे कल्चर दोन-तीन दिवसांत बंद केले जाते व हे जंतू तेवढ्या वेळात सहसा दिसत नाहीत. निदान झाल्यास दोन-तीन औषधे एकत्र, कित्येक महिने घ्यावी लागतात आणि कधी गाठी कापून काढाव्या लागतात.