तयार बेअरिंग घेतलं तर मार्क कशाचे?

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाइन शिकवते. प्रोजेक्टमध्ये मुलं नट-बोल्टपासून सगळं नव्यानं काढत बसतात. तयार मिळणारा पार्ट घ्या म्हटलं की विचारतात, ‘मॅडम, मग आम्ही डिझाइन काय केलं?’ खरं सांगायचं तर अशा प्रोजेक्टला मार्क देताना माझाही हात आखडतो. काय करावं?

उत्तर : मॅडम, यात मुलांची चूक नाही. आपण ड्रॉइंगच्या शीटा मोजून मार्क देतो, मग मुलं शीटा वाढवतात.

माझ्या एका विद्यार्थ्यानं गिअरबॉक्सच्या शाफ्टचं (फिरणाऱ्या दांड्याचं) गणित चोख केलं होतं. व्यास आला १८.३ मिमी. त्यानं १९ धरला आणि शाफ्टला आधार देणारं १९ चं बेअरिंग स्वतःच काढलं: रिंगा, गोळ्या, पिंजरा, सगळं. आठ दिवस गेले. स्क्रीनवर छान फिरतही होतं! मी कॅटलॉग पुढे सरकवला. ६२०३ नंबरच्या बेअरिंगचं भोक १७ मिमी, ६२०४ चं २०, मधे काही नाही. (०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की भोक मिळतं, हे मुलांना कुणी सांगतच नाही.) शाफ्ट २० चा झाला.

खरी गंमत पुढेच. शाफ्टच्या खांद्याशी, म्हणजे व्यास वाढतो त्या पायरीशी, त्यानं २ मिमीची फिलेट (कोपऱ्याची गोलाई) ठेवली होती. ६२०४ च्या कडेची गोलाई कमीत कमी १ मिमी. म्हणजे रिंग फिलेटवरच चढून बसणार, खांद्याला टेकणारच नाही. फिलेट १ च्या आत आणावी तर तिथला ताण वाढतो, म्हणून शाफ्ट पुन्हा तपासणं आलं. त्या एका दुपारी पोरगं जे शिकलं, ते आठ दिवस गोळ्या काढून शिकलं नव्हतं. मार्क या दुपारचे द्या.

मी प्रत्येक नव्या पार्टच्या ड्रॉइंगवर एक ओळ मागतो: तयार कोणता पाहिला आणि तो का चालला नाही. ओळ नसेल तर त्या पार्टला शून्य. शिवाय मागच्या बॅचची एक असेंब्ली देतो, वेग बदलून देतो आणि नवे पार्ट तीनच चालतील म्हणून सांगतो. आधी कुरकुर होते. मग मागच्या बॅचच्या चुका काढण्यात मंडळी रंगतात.

‘जुनं आहे, म्हणजे चालतंच’ असं मात्र कुणाला म्हणू देऊ नका. १९९६ मध्ये युरोपच्या एरियन ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात आधीच्या एरियन ४ चं दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर तसंच घेतलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा संगणकात त्याच्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही, आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. म्हणून तोंडी परीक्षेत माझा पहिला प्रश्न ठरलेला: हा पार्ट आधी कुठे होता आणि तिथं त्याच्यावर भार किती होता?

आणि नट-बोल्टांचं ड्रॉइंग मागूच नका. एम८ (म्हणजे ८ मिमी व्यास), लांबी, ग्रेड (मजबुतीचा दर्जा) एवढं लिहिलं की झालं.