वूग्वान, ह्वेइ, ग्वोशूग्वान: तिन्हींना 'आखाडा' म्हणावं का?

प्रश्न असा: चिनी युद्धकलांच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना 'वूग्वान' (युद्धकला शिकवण्याची जागा), 'जिंगवू ह्वेइ' आणि 'ग्वोशूग्वान' या तिन्हींना 'आखाडा' म्हटलं तर चालेल का?

पहिल्याला चालेल, तरी मी 'तालीम' म्हणेन. आखाडा म्हटलं की हौदा आणि लाल माती डोळ्यांपुढे येते. वूग्वानात एकट्याने करायचे हालचालींचे ठरावीक क्रम आणि भाले-तलवारी यांना मोठी जागा असते. वूग्वान ही एका वस्तादाची, एका घराण्याची. पूर्ण शिष्य व्हायचं तर 'बाइशी' हा विधी: वस्तादापुढे डोकं टेकायचं, नावाचं पत्र द्यायचं. मग वस्ताद बापाच्या जागी आणि आधी आलेला प्रत्येक जण थोरला भाऊ, वयाने लहान असला तरी.

'ह्वेइ'साठी 'मंडळ' घ्या. शब्द निसरडा आहे, कारण 'त्येनदीह्वेइ' या गुप्त संघटनेच्या नावातही तोच आहे. पण 1910 मध्ये शांघायात निघालेल्या मंडळाचं नाव होतं 'जिंगवू तित्साओ ह्वेइ'. तित्साओ म्हणजे कवायत, व्यायाम. 1900 च्या यीह्वतुआन (बॉक्सर) उठावानंतर मुष्टियुद्ध हा शिकल्यासवरल्यांच्या नजरेत खेडवळ, अंधश्रद्ध प्रकार ठरला होता; असं स्वच्छ, आधुनिक नाव त्यांना खपणारं होतं. दंतकथा सगळं श्रेय ह्वो युआनज्या या मल्लाला देते, पण तो त्याच वर्षी वारला. मंडळ उभं केलं ते छन गोंगज, लू वेइछांग, याओ छानबो या व्यापारी घरांतल्या तरुणांनी. डोकं टेकणं गेलं, वर्गणी आली. सर्वांना दहा मूळ क्रम सारखेच, मग पुढे वेगवेगळ्या घराण्यांचं शिक्षण. पेढीवरचा कारकून धनिकांच्या शेजारी उभा राहू लागला, पुढे स्त्रियाही आल्या. उत्तरेकडच्या गावातून आलेल्या वस्तादाला शहरात पगार आणि मान मिळाला. बदल्यात त्याच्या घराण्याचं गुपित अभ्यासक्रमात आणि छापील पुस्तकांत गेलं. 'आखाडा' लिहिलं की हा सगळा सौदा पुसला जातो.

ग्वोशूग्वानात 'ग्वान' (जागा, वास्तू) वूग्वानातलाच, म्हणून घोटाळा होतो. पण 1928 ची नानजिंगची मध्यवर्ती ग्वोशूग्वान ही सरकारी पाठबळावरची संस्था. प्रमुख जांग जिज्यांग, माजी सेनानी. 'राष्ट्रीय युद्धकला संस्था' बरोबर बसतं. सुरुवातीला तिथे शाओलिन आणि वूदांग या दोन परंपरांच्या नावांचे दोन विभाग केले, आणि घराण्यांची भांडणं थेट संस्थेत आली. विभाग थोड्याच काळात मोडावे लागले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या संस्थेने घेतलेल्या 'ग्वोकाओ'ला 'स्पर्धा' म्हणू नका. 'काओ' म्हणजे परीक्षा, आणि जिल्हा, प्रांत, राष्ट्र या तिच्या पायऱ्या जुन्या राजपरीक्षांची आठवण करून देतात. जुन्या लष्करी परीक्षेत घोड्यावरून तिरंदाजी, जड धनुष्य ताणणं, दगड उचलणं असे. उत्तीर्ण झालेल्याला अधिकारपदाची वाट खुली होई. 1901 मध्ये ती बंद झाली. ग्वोकाओतून किताब मिळे, आणि पुढे बहुधा शिक्षकाची नोकरी. तेव्हा 'राष्ट्रीय परीक्षा' म्हणा, 'भरती' नको.

1949 नंतरच्या मुख्य भूमीबद्दल लिहिताना 'वूशू' (युद्धकला) वापरा. 'ग्वोशू' (राष्ट्रीय कला) हा शब्द तैवानात टिकला आहे.