जुन्या डांबरावर नवा थर मारावा का?

बंगल्यासमोरच्या डांबराला 3 वर्षांत खड्डे पडले आणि कंत्राटदार म्हणतो, वरून एक कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, मारू, पुन्हा नवं होईल. असं तुम्ही लिहिलंय. नका मारू. 20 मिमीचं कारपेट वजन पेलत नाही, ते खालच्या थरात पाणी जाऊ देत नाही एवढंच. पेलायचं काम खडी-मुरमाचं. तेच खचलं असेल तर नवा थरही त्याच जागी खचणार, आणि पेव्हर ब्लॉक टाकले तर तेही.

आमचं सांगलीत शामरावनगरच्या बाजूला मंगल कार्यालय आहे. 2017 च्या मे महिन्यात पार्किंगचं डांबरीकरण ठरलं. माझे वडील, आण्णा, बांधकाम खात्यात मुकादम होते, सगळी नोकरी रस्त्यावर गेली. त्यांनी जागा बघून सांगितलं, ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, दीड फूट उपसा, मुरूम भरा, पाणी मारून दोन थरांत रोलर फिरवा, मग खडीकरण आणि शेवटी डांबर. आणि 10 फुटांना निदान सव्वादोन इंच उतार, गटाराकडे. थोरले भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "खडी पसरणाऱ्याच्या सल्ल्यानं आता कार्यालय चालवायचं का?" आण्णा काही बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले.

पार्किंगात मुरूम भरलाच नाही. तरी कामाच्या दिवशी ते आले. डांबर-खडीचा माल दुपारी चारला येऊन पडला, रोलर दुसऱ्या कामावर अडकलेला, तो आला अंधार पडताना. आण्णांनी पसरलेल्या मालावर तळहात टेकवला. नुसता टेकवला नाही, तिथंच ठेवला. म्हणाले, "हात ठेवता येतोय बाळ. मेला हा माल." डांबर पसरताना 140 अंशांच्या आसपास हवं आणि 100 च्या खाली जायच्या आत रोलरचं काम उरकायला हवं. गार मालावर कितीही रोलर फिरवा, आत पोकळ्या राहतात आणि त्यांत पाणी शिरतं. भाऊजींनी तरीही बिल पुरं दिलं.

2018 च्या पावसाळ्यानंतर पार्किंगभर मगरीच्या पाठीसारख्या भेगा होत्या. केटररचा टेम्पो वरून गेला की भेगेतून काळा चिखल पचकन वर यायचा. मी एका कडेची ढेकळं हातानं उचलून बघितली, खालची खडी मातीत रुतलेली. हे सगळं महापुराच्या आधीचं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, आमच्या आवारात कितीतरी दिवस पाणी होतं, आणि उरलंसुरलं डांबर निघालं. तेव्हापासून घरात एकच वाक्य चालतं, डांबर महापुरानं नेलं.

नाही नेलं. स्वयंपाकघरामागे शोषखड्ड्याच्या कामाला माती उपसली होती, तेवढ्या 20 फुटांत आण्णांनी स्वतः उभं राहून मुरूम भरून घेतला होता. त्या पट्टीवर त्याच दिवसाचा तोच गार माल पडला आणि त्याच पुराचं पाणी उभं राहिलं. वरची खडी थोडी सुटलीय, खड्डा मात्र आजवर एक नाही. सिलिंडरची गाडी रोज तिथूनच जाते. आण्णा आता नाहीत. ती पट्टी आहे, ज्याला बघायची असेल त्यानं येऊन बघावी.

तुमचं म्हणाल तर खड्डा नुसता भरू नका. चौकोनी कापा, कडा सरळ उभ्या ठेवा, पक्का खालचा थर लागेपर्यंत उकरा, कोरडा करून झाडून घ्या, कडांनाही टॅक कोट, म्हणजे चिकटायला पातळ डांबराचा हात, मारा आणि गरम माल भरून ठोका. खोल असेल तर दोन थरांत. बारीक भेगा एप्रिल-मेमध्येच इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) आणि बारीक कच घालून बुजवा. डिझेल गळणारी गाडी डांबरावर उभी करू देऊ नका, डांबर विरघळतं.

जमीन मुरमाड असेल, साताऱ्याकडे बऱ्याच ठिकाणी असते तशी, तर एवढं उपसायची गरज नाही. नुसती स्कूटर आणि एक कार असेल तरी थोडं कमी चालेल. खालचं पक्कं निघालं आणि नुसती वरची खडी सुटत असेल, तर मात्र कारपेट मारायला हरकत नाही, हे आधी लिहायला हवं होतं.

खाली काय आहे ते कळायला मोठा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं छत्री घेऊन बाहेर या. जिथं पाणी अजून साचलेलं असेल त्याच्या कडेनं विटांचे तुकडे मांडून ठेवा. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला बोलवा आणि त्या तुकड्यांच्या आत एक फूट खोदून दाखवायला सांगा. दर त्यानंतर विचारा.