कृपा, दया आणि 'पावले'

वसईच्या एका ताईंनी विचारलंय, चर्चमधे पौलाचं (बायबलच्या नव्या करारात ज्याची पत्रं आहेत, तो येशूचा प्रेषित) पत्र वाचतात तेव्हा सुरुवातीला 'कृपा व शांती' येतं, तर ही कृपा म्हणजे दयाच ना? नाही हो ताई. पौलानं पत्रं लिहिली ग्रीकमधे, तिथे दयेला एलेऑस, कृपेला खारिस. तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्याच वचनात दोघी शेजारी शेजारी बसल्यात, एकच असत्या तर दोनदा कशाला लिहिल्या असत्या. झालं उत्तर.

आता माझं डोकं कशानं फिरतं ते सांगतो. परवा परत एकाकडून ऐकलं, "कृपा म्हणजे फ्री गिफ्ट, परतफेडीचा प्रश्नच नाही, ग्रेस मार्कांसारखं." अहो ग्रेस मार्क मिळाले म्हणून बोर्डाच्या दारात हार घेऊन कोण जातं? पहिल्या शतकातल्या, म्हणजे पौलाच्या काळच्या, करिंथ या ग्रीक शहरात मात्र जावंच लागायचं. तिथे श्रीमंतानं गावाला काही बांधून दिलं की गाव त्याच्या नावाचा शिलालेख लावणार, चारचौघात मान देणार, नाही दिला तर गावाचीच लाज. आणि गंमत म्हणजे या सगळ्याला शब्द एकच. देणाऱ्याची मर्जी ती खारिस, दिलेली वस्तू ती खारिस, घेणाऱ्याची कृतज्ञता तीही खारिसच. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात 8व्या आणि 9व्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणीची गोष्ट आहे, तिथे पौल देवाच्या कृपेला खारिस म्हणतो, जमवलेल्या पैशाला खारिस म्हणतो आणि शेवटी देवाचे आभार मानतो तेही खारिसच म्हणून. भाषांतरात याचे तीन वेगळे शब्द झाले की वाचणाऱ्याला ते चक्र दिसणार कुठून?

खारिसचं अनेकवचन खारितेस, म्हणजे ग्रीकांच्या त्या हात धरून फेर धरणाऱ्या तीन देवी. एक देते, एक घेते, एक परत करते, असा अर्थ लोक लावायचे हे सेनेका या रोमन तत्त्वज्ञानं नोंदवलंय (आणि असल्या फोडाफोडीवर तो वैतागलाय पण, माझ्यासारखे लोक तेव्हाही होते). याच सेनेकाचा भाऊ गल्लियो, म्हणजे तो रोमन सुभेदार ज्याच्यासमोर पौलाला करिंथात आरोपी म्हणून उभं केलं होतं. जग लहान होतं.

तर घेतलं की फेडायचं, नाहीतर मिंधं व्हायचं. म्हणून तर पौल करिंथकरांकडून स्वतःसाठी पैसे घेत नाही. मी तुमच्यावर ओझं झालो नाही म्हणतो, तिथे शब्द आहे अबरेस, म्हणजे ओझं नसलेला. त्यातला बारोस (ओझं) म्हणजे आपला 'भार' असं ठोकून देणारे विद्वान मला दर दोन महिन्यांनी भेटतात. साफ चूक. बारोसचं नातं 'गुरु'शी, म्हणजे जड. आपल्या भाराचं नातं ग्रीक फेरो म्हणजे वाहणे याच्याशी. दिसायला सारखे म्हणून भाऊ ठरवायचे असतील तर मग बोलणंच खुंटलं.

आणि हाच माणूस फिलिप्पै या दुसऱ्या शहरातल्या लोकांकडून मात्र घेतो! तो कैदेत असताना त्यांनी एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती काहीतरी पाठवलं, तर त्यांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सरळ 'आभारी आहे' म्हणतच नाही, दुकानदारासारखा देण्याघेण्याच्या हिशोबाची भाषा बोलतो आणि लिहितो 'अपेखो'. हा शब्द इजिप्तमधे सापडलेल्या पपायरसांवर आणि फुटक्या खापरांवर आहे, पावत्यांवर! माझ्या आजोबांच्या ट्रंकेत भाड्याच्या पावत्या आहेत, 'रु. 12 रोख पावले', खाली स्टँपावर तिरकी सही. अपेखो म्हणजे अगदी हेच पावले. आणि पुढच्याच वचनात तो म्हणतो, तुमची गरज माझा देव भागवेल, म्हणजे पावती यानं दिली, फेड वरच्यानं करायची.

आता बघा, पावणे आलं प्राप् वरून. त्यातूनच पावती, त्यातूनच 'पत्र पावले', आणि त्यातूनच देव पावला. पैसे पोचल्याची पोच आणि देवाची मर्जी एकाच क्रियापदात! नवसाला पावणाऱ्या देवाचा नवस फेडावा लागतो हे ज्या घरात माहीत आहे त्या घराला खारिस समजवायला ग्रीक कोश नको. तरी मराठी बायबलात खारिससाठी शब्द निवडला कृपा, ज्याचा धातू कृप् म्हणजे कळवळणे, आणि ज्याची सख्खी बहीण कृपण, आधी केविलवाणा मग चिक्कू. म्हणजे ताई, तुम्ही ग्रीकमधे चुकलात पण संस्कृतात बरोबर आहात, कृपा मुळात दयाच आहे. हिंदीवाल्यांनी अनुग्रह घेतला, तो बरा. माझं मत विचाराल तर 'प्रसाद' हवा होता, मर्जी पण तीच आणि हातावर पडतं ते पण तेच, शिवाय खारिसच्या मुळाशी आनंद आहे तसा याच्या मुळाशी प्रसन्न होणं. पण करिंथकरांच्याच पहिल्या पत्रात 8व्या अध्यायापासून मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही यावर एवढा काथ्याकूट आहे की तिथे हा शब्द आणायची छाती कुणाची होणार!

शांतीचं तुम्ही विचारलं नव्हतं ना? बरं झालं.